विषयलेखकाच्या चाचणी काळाची तयारी: सोलापुरात बसून काय करावं?

एकाच विषयावर नियमित लिहिणारा फ्रीलान्स लेखक नेमायचा, तर बहुतेक संकेतस्थळं आधी चाचणी काळ ठेवतात. त्यात एखादा झकास लेख देऊन भागत नाही. सहा महिन्यांनीही या माणसाकडे लिहिण्यासारखं काही उरेल का, हे संपादक जोखत असतो. त्यामुळे निम्मी तयारी चाचणी सुरू होण्याआधीच व्हायला हवी.

आधी विषय नक्की करा. ‘शेती’ घेतलीत तर कुठूनच धड हात घालता येत नाही आणि नुसता डाळिंबावरचा ‘तेल्या रोग’ दहा लेखांत संपतो. सोलापूरकराला ‘डाळिंब’ नेमकं बसतं. सांगोला-पंढरपूरकडे बागा आहेत, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे आणि सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकनही आहे. ज्या विषयातल्या माणसांना सकाळच्या एसटीने जाऊन भेटता येतं, तो विषय घ्या. नेटवर वाचून नेटवर लिहिणारे ढिगाने आहेत.

मग वहीत तीस-चाळीस मथळे काढा, तेही वाचक मोबाइलवर शोधतो त्या भाषेत. ‘डाळिंब लागवडीचे महत्त्व’ कोणी शोधत नाही. ‘फुलगळ का होते?’, ‘भगवा जातीच्या दोन झाडांत किती अंतर ठेवायचं?’, ‘बहार धरताना पाणी कधी तोडायचं?’ हे शोधतात. वीसवरच गाडी अडली तर विषय आत्ताच बदला, चाचणीत बदलता येत नाही.

मथळ्यांपुढे महिने टाका. डाळिंबाला फुलं आणण्याचे हंगाम, म्हणजे बहार, तीन: आंबे बहार जानेवारी-फेब्रुवारीत, मृग जून-जुलैत, हस्त सप्टेंबर-ऑक्टोबरात. आंबे बहारासाठी पाणी तोडून झाडाला ताण कसा द्यायचा, हा लेख नोव्हेंबरअखेर वाचकाच्या हातात हवा. फेब्रुवारीत आला तर कितीही चांगला असो, त्या वर्षापुरता वाया गेला. संपादकाकडे पाठवायच्या अर्जाला हे वेळापत्रक जरूर जोडा.

तीन-चार लेख पूर्ण लिहून बाजूला ठेवा. ऐन चाचणीत घरात लग्न निघतं, नाहीतर गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे येऊन थडकतात. लेख झाला की पहिला परिच्छेद झाकून वाचा. ‘डाळिंब हे आरोग्यदायी फळ असून...’ हे बागायतदाराला सांगून काय साधणार? ‘तेल्या जिवाणूमुळे होतो, बुरशीमुळे नाही, त्यामुळे नुसत्या बुरशीनाशकावर भिस्त ठेवू नका’ इथून सुरू करा, तो पुढे वाचेल. फवारणीचं प्रमाण मात्र ऐकीव लिहायचं नाही. औषधाचं लेबल आणि केंद्राची शिफारस पाहूनच आकडा टाका आणि तो कुठून घेतला हे वहीत नोंदवा. संपादक विचारतोच.

टायपिंग युनिकोडमध्येच करा. डीटीपीवाल्यांचे जुने फॉन्ट संकेतस्थळावर गिचमिड दिसतात. फोटो बागमालकाला विचारून स्वतः काढा. गूगलवरून उचललेल्या फोटोचा कॉपीराइट दुसऱ्याचा असतो आणि तेवढ्या कारणावरून नकार येऊ शकतो.

होकार देण्याआधी चार गोष्टी ई-मेलवर लेखी घ्या: चाचणीतल्या लेखांचं मानधन मिळणार का, किती लेख कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे, दुरुस्त्या किती वेळा कराव्या लागतील आणि नापसंत लेखांचा हक्क कोणाकडे राहील. पॅन कार्ड तयार ठेवा, मानधनातून टीडीएस कापला जाऊ शकतो. ‘आधी नोंदणी फी भरा’ म्हणणाऱ्यांच्या वाटेला जाऊच नका. नापसंत लेखांचा हक्क तुमच्याकडे राहत असेल, तर ते जपून ठेवा. बहार बदलला की दुसरीकडे पाठवता येतात.