भाड्याने द्यायच्या फ्लॅटची दुरुस्ती: आधी करायची तयारी

रंग, नळ, कडीकोयंडे यांचं कुणाला सांगावं लागत नाही. ते दिसतं, म्हणून होतं. राहून जातं ते बाथरूमच्या फरशीखालचं पाणी. दुरुस्तीच्या यादीत नेमकं हेच नसतं, म्हणून इथे सगळ्यात आधी तेच.

फ्लॅट विकत घेण्याआधी किंवा दोन भाडेकरूंच्या मधे तो रिकामा असताना बाथरूममध्ये पाणी साठवून बघा. नहाणी ट्रॅपमध्ये (फरशीतल्या जाळीखाली पाणी वाहून जातं त्या भांड्यात) प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कापडाचा बोळा घट्ट बसवा, उंबऱ्याशी सिमेंटचा छोटा बांध घाला, दीड-दोन इंच पाणी भरा आणि भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करा. 48 तास थांबा. मग खालच्या मजल्यावर जाऊन छत बघा. स्वतः बघा, फोनवर विचारू नका. पाणी आधी फरशीखालच्या भरावात मुरतं आणि मग खाली उतरतं, म्हणून चार-पाच दिवसांनी पुन्हा एकदा जा.

ओल दिसली तर ती कधी वाढते ते विचारा. नळ बंद असतानाही बारा महिने राहत असेल, तर बहुधा भिंतीतली पाण्याची लाइन. आंघोळीनंतर वाढत असेल, तर ट्रॅपचा जोड किंवा टाइलच्या सांधी. फक्त पावसाळ्यात येत असेल, तर बाहेरची भिंत. महाराष्ट्रातल्या सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने काढायची, संडास-सिंकची आतली गळती सभासदाने. हे ठरल्याशिवाय गवंडी बोलावू नका.

सांधीच फुटल्या असतील तर इपॉक्सी ग्राउट (टाइलच्या सांधी भरायचा रेझिनचा मसाला) पुरतं. ट्रॅप गळत असेल तर वरून कितीही ग्राउट भरा, पाणी थांबणार नाही. फरशी फोडायची, खालचा भराव पूर्ण उपसायचा, ट्रॅप बदलायचा, कोपरे सिमेंटने गोल करायचे, वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्यायचे, आणि टाइल लावण्याआधी पुन्हा 48 तास पाणी. ठेकेदार घाईत नेमकी ही चाचणी गाळतो. शेवटचा हप्ता चाचणीनंतर. आधी देऊच नका.

खर्च दोन घरांचा धरा: तुमचं बाथरूम, शिवाय खालच्यांचं प्लास्टर, पीओपी आणि रंग. बाथरूम एकच असेल तर भाडेकरूला तेवढे दिवस दुसरीकडे राहावं लागेल, त्या दिवसांचं भाडंही सोडावं लागेल.

म्हणून दरवर्षी एका महिन्याचं भाडं वेगळ्या खात्यात टाका. इमारत वीस वर्षांच्या पुढची असेल तर दीड महिन्याचं. डिपॉझिट यात मोजू नका, ते परत द्यायचे पैसे आहेत. प्राप्तिकरात महापालिकेचा कर वजा जाता उरलेल्या भाड्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्ती करा अथवा करू नका. प्रत्यक्ष खर्च त्याहून जास्त झाला तरी जास्तीच्या रकमेची वजावट नाही.

विकत घेताना सेक्रेटरींकडून सिंकिंग फंडाची (इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या निधीची) शिल्लक, स्ट्रक्चरल ऑडिटचा (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा) अहवाल आणि मागच्या तीन वार्षिक सभांची इतिवृत्तं मागा. थकबाकी नसल्याचा दाखला मिळाला म्हणजे झालं असं समजू नका. पुढच्या मोठ्या दुरुस्तीची वर्गणी त्यात नसते, ती सभेच्या ठरावात असते.

करारात किरकोळ दुरुस्तीची रक्कम आकड्यात लिहा, उदाहरणार्थ हजार रुपयांपर्यंत भाडेकरू, त्यावर मालक. गळती, भिंतीतले पाइप आणि वायरिंग रक्कम कितीही असो, मालकाकडेच. ओल दिसल्याबरोबर कळवायचं, हे वेगळं कलम घाला. उशिरा कळलेली गळती खालच्यांचं छत पाडते.

वीज: आरसीसीबीचं (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दाबा, एसीची वायर आणि गीझर तपासा. चावी देताना फोटो, मीटरचं रीडिंग. घर सोडताना तेच पुन्हा, मग डिपॉझिट. आणि नवा भाडेकरू ठरला असला तरी मधे दोन दिवस फ्लॅट रिकामा ठेवा: ट्रॅपला बोळा, दोन इंच पाणी, खालचं छत.