अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेनंतर रक्तपुरवठा कसा राखावा आणि जोड कसा भरून यावा

अन्ननलिकेचा रोगट भाग काढल्यावर बहुतेक वेळा जठराचीच अरुंद नळी करून ती वर छातीत किंवा मानेपर्यंत नेतात आणि अन्ननलिकेच्या उरलेल्या टोकाला जोडतात. त्यासाठी जठराच्या बऱ्याच रक्तवाहिन्या बांधून तोडाव्या लागतात. मग नळीला रक्त मिळते ते मुख्यतः उजव्या बाजूच्या एका धमनीतून, आणि वरच्या टोकाशी ते केवळ भिंतीतील सूक्ष्म वाहिन्यांच्या जाळ्यातून झिरपत पोहोचते. जोड नेमका त्याच टोकाला असतो.

म्हणून तयारी शस्त्रक्रियेआधीच सुरू करावी. तंबाखू किमान चार आठवडे आधी पूर्ण सोडावी, कारण निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील ऑक्सिजनची जागा अडवतो. चघळण्याच्या तंबाखूतही निकोटिन असतेच, तेव्हा ‘ओढत नाही, फक्त खातो’ ही सबब येथे चालत नाही. गिळता न आल्याने सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांहून अधिक घटले असेल, तर आधी एक-दोन आठवडे नळीने किंवा द्रव आहाराने पोषण द्यावे का, हे शल्यचिकित्सकांना आवर्जून विचारावे. मधुमेह आणि रक्तक्षय यांचेही उपचार याच काळात करून घ्यावेत.

शस्त्रक्रियेनंतर सपाट झोपू नये. उशाकडची बाजू 30 ते 45 अंश वर ठेवावी. नाकातली नळी जठर फुगू देत नाही. जठर फुगले की भिंत ताणली जाते आणि तिच्यातले रक्ताभिसरण मंदावते, म्हणून ती नळी ओढली जाणार नाही याची काळजी घ्यावी. ती निसटलीच, तर कोणीही अंदाजाने परत सरकवू नये, कारण तिचे टोक थेट जोडावर आदळू शकते. लगेच परिचारिकेला सांगावे. वेदना सहन करत पडून राहण्यात शौर्य नाही: दुखते म्हणून श्वास उथळ होतो, ऑक्सिजन घटतो आणि त्याची झळ जोडाला लागते. वेदनाशामक घेऊन, परवानगी मिळताच बसावे, दीर्घ श्वसनाचे व्यायाम करावेत आणि चालावे.

तोंडाने पाणीसुद्धा सांगितल्याशिवाय घेऊ नये. तोवर लहान आतड्यात बसवलेल्या नळीतून आहार देता येतो. प्रथिनांचे प्रमाण साधारणपणे किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या व्यक्तीला दिवसाला 72 ते 90 ग्रॅम असते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास ते डॉक्टरांनीच ठरवावे. कमतरता नसताना जस्ताच्या किंवा क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांवर भिस्त ठेवू नये.

जोड गळू लागला, तर ते बहुधा पहिल्या दहा दिवसांत कळते. ताप, नाडीची वाढलेली किंवा अचानक अनियमित गती, धाप, छातीत नवे दुखणे, मानेच्या जखमेभोवती लाली किंवा तिच्यातून लाळेसारखा स्राव, यांपैकी काहीही दिसले तर सकाळच्या फेरीची वाट पाहू नये. घरी गेल्यावर असे झाले, तर थेट रुग्णालय गाठावे.

घरी थोडे थोडे, दिवसातून सहा-सात वेळा खावे आणि जेवणानंतर दोन-तीन तास आडवे होऊ नये. काही आठवड्यांनी घास पुन्हा अडकू लागला, तर जोड अरुंद झालेला असू शकतो. अशा वेळी दुर्बिणीतून तो रुंद करता येतो.