हॉट अँड कोल्ड एसी बसवताय? मग फिटिंगच्या दिवशी सुट्टी टाका

नागपुरात एसी म्हटलं की सगळ्यांना मे महिनाच आठवतो, आणि बरोबरच आहे म्हणा, २०१३ च्या मेमध्ये पारा ४७.९ वर गेला होता. पण याच गावात २०१८ च्या डिसेंबरअखेर ३.५ पण झालं होतं राजेहो. त्या थंडीत आम्ही एका खोलीत दोन हीटर लावून बसलो आणि पुढच्या महिन्यात बिल बघून गप्प झालो. म्हणून नंतर एसी घ्यायची वेळ आली तेव्हा हॉट अँड कोल्डच घेतला. त्यात ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नका, एवढ्यासाठी हे लिहितोय.

आधी हे समजून घ्या की हा एसी हीटरसारखी तार तापवत नाही. उन्हाळ्यात खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो आणि हिवाळ्यात आतला फोर-वे व्हॉल्व्ह गॅसची दिशा पलटवतो, मग बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून आत आणतो. बाहेर ८-१० डिग्री असलं तरी त्या हवेत उष्णता असतेच. त्यामुळे १ युनिट विजेत साधारण ३ युनिटएवढी ऊब मिळते, आणि २००० वॅटचा हीटर मात्र तासाला सरळ २ युनिट खातो, त्यात जास्तीचं काही मिळत नाही.

दुकानात एक गोष्ट नक्की बघा. रिमोटवर सूर्याचं चित्र आहे म्हणजे मशीन गरम करतं असं नाही, कंपन्या बरेचदा सगळ्या मॉडेलला एकच रिमोट देतात. मशीनवर जी माहितीची पट्टी असते तिच्यावर कूलिंग आणि हीटिंग दोन्हीची क्षमता वेगवेगळी लिहिलेली असेल तरच तो हॉट अँड कोल्ड. टनाचं म्हणाल तर १२० स्क्वेअर फुटापर्यंत १ टन, १८० पर्यंत दीड टन असा ढोबळ हिशोब चालतो, पण वरच्या मजल्यावर असाल आणि डोक्यावर थेट स्लॅब असेल तर एक पायरी वर जा, किंवा आधी गच्चीला पांढरा कोट मारून घ्या, तो खर्च एसीपेक्षा खूप कमी आहे आणि फरक लगेच कळतो. इन्व्हर्टर एसीच घ्या, म्हणजे गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा, त्यात जास्त बोलण्यासारखं काही नाही.

आता जागा. माझी सगळ्यात मोठी चूक इथंच झाली. फिटिंगवाला म्हणाला आऊटडोअर, म्हणजे बाहेरचं युनिट, बाल्कनीत ठेवू, पाइप कमी लागेल, मी हो म्हटलं. बाल्कनी पश्चिमेची, वरून जाळीची ग्रिल, समोर दीड फुटावर कठडा. पहिल्याच मेमध्ये दुपारी तीन वाजता मशीन बंद पडायला लागली, कारण आऊटडोअरने फेकलेली गरम हवा कठड्याला आपटून परत त्याच्याच तोंडात जात होती. शेवटी उत्तरेच्या भिंतीवर हलवला, पैसे दोनदा गेले. त्यामुळे आऊटडोअरच्या मागे निदान वीतभर आणि समोर दोन-तीन फूट मोकळी जागा पाहिजेच, सावली असेल तर उत्तम, पण सावलीच्या नावाखाली चारी बाजूंनी झाकू नका. आणि पुढे सर्व्हिसवाल्याचा हात तिथपर्यंत पोचला पाहिजे, तो काही स्पायडरमॅन नाही.

दुसरी गोष्ट कोणीच सांगत नाही. हीट मोडमध्ये पाणी आऊटडोअरमधून गळतं, आतल्या युनिटमधून नाही. आमच्याकडं पहिल्या जानेवारीत खालच्या काकांच्या गाडीची सीट रोज सकाळी ओली, ते आठवडाभर मांजरीवर संशय घेत होते. आऊटडोअरच्या तळाला भोक असतं, त्याला ड्रेनचं कोपरं लावून पाइप खाली नाहणीच्या लाइनपर्यंत न्या. बऱ्याच मशीनच्या डब्यात ते कोपरं मिळतं, फक्त मेकॅनिक ते फेकून देतो, तेव्हा खोका उघडतानाच ते बाजूला काढून ठेवा.

वीज. एसीला डीबीपासून, म्हणजे घरातल्या मुख्य स्विचच्या पेटीपासून, वेगळी लाइन ओढा, ४ स्क्वेअर एमएमची कॉपर वायर, २० अँपियरचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), आणि अर्थिंग खरंच आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, नुसतं तीन भोकांचं सॉकेट आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नसतं. महावितरणच्या बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो तोही बघा, कमी असेल तर वाढवून घ्या. आणि ३०० युनिट, ५०० युनिट या पायऱ्या ओलांडल्या की दर चढतो हे डोक्यात असू द्या.

आता फिटिंगचा दिवस. एप्रिल-मेमध्ये मेकॅनिकला दिवसाला पाच-सहा घरं असतात, तो घाईतच येणार, तेव्हा सुट्टी टाकून समोर उभं राहायचं ते यासाठी. म्हणून माझं म्हणणं, जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला बसवा. अजून एक फायदा म्हणजे तेव्हा दोन्ही मोड तपासता येतात, पहाटे हीट आणि दुपारी कूल. मेमध्ये हीट लावायला गेलात तर बाहेर एवढं तापलेलं असताना बऱ्याच मशीन हीटवर चालतच नाहीत, आणि मग दोष डिसेंबरमध्ये कळतो.

भिंतीचं भोक कोअर कटरनेच पाडून घ्या आणि ते बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं हवं, नाहीतर ड्रेनचं पाणी भिंतीत. पाइप कापल्यावर कडा साफ करताना पाइपचं तोंड खाली धरायला सांगा, कॉपरचा बुरा आत गेला तर तो कॉम्प्रेसरपर्यंत जातो. गॅसच्या जाड आणि बारीक अशा दोन्ही कॉपर पाइपांना वेगवेगळा फोम घालायचा, एकात दोन कोंबायचे नाहीत, कारण हीटमध्ये जाड पाइप चांगलाच तापतो आणि कूलिंगमध्ये दोन्ही गार होतात. फोमवर टेप नीट गुंडाळा, आपल्या उन्हात उघडा फोम दोन-तीन वर्षांत भुगा होतो.

आणि मग व्हॅक्युम, म्हणजे पाइपातली हवा आणि ओल पंपाने ओढून काढणं. इथं अजिबात हलू नका. बरेच जण मशीनमधलाच थोडा गॅस सोडून पाइपातली हवा हाकलतात, दोन मिनिटांत काम होतं म्हणून. पण ओल आत राहते, ती तेलात मिसळून आम्ल तयार होतं आणि दोन-तीन वर्षांनी कॉम्प्रेसर जातो, तेव्हा त्या मेकॅनिकचा फोन लागत नाही. शिवाय आता बहुतेक मशीनमध्ये आर-३२ गॅस असतो, तो सौम्य ज्वलनशील आहे, घरात सोडायची वस्तू नाही. त्यामुळे बुकिंग करतानाच विचारा, भाऊ व्हॅक्युम पंप आणि गेज (दाब दाखवणारं मीटर) आणणार का? नाही म्हणाला तर दुसरा बघा. पंप १५-२० मिनिटं चालला पाहिजे, मग व्हॉल्व्ह बंद करून दहा मिनिटं गेजची सुई बघत बसायचं, सुई हलली तर कुठंतरी लीक आहे, फ्लेअर, म्हणजे जोडासाठी पसरवलेलं पाइपाचं तोंड, परत करा. सुई जागेवर राहिली तरच अ‍ॅलन कीने (सहा कोनी पान्याने) आऊटडोअरमधला गॅस पाइपात सोडायचा. तोपर्यंत चहा पाजा, माणूस टिकतो.

जाण्याआधी मशीन वीस मिनिटं चालवून आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान साध्या थर्मामीटरने मोजा, कूलिंगमध्ये १० डिग्रीच्या आसपास फरक आला की ठीक. पाइप किती मीटर लागला आणि वरून गॅस भरला असेल तर किती ग्रॅम, हे वॉरंटी कार्डावर लिहून फोटो काढून ठेवा.

हिवाळ्यात वापरताना ३० वर लावू नका, २२ पुरतं, आणि हवेची पट्टी खाली वळवा, गरम हवा वरच तरंगते. सुरुवातीला पंखा मिनिटभर फिरत नाही, कॉइल तापायची वाट बघत असतो, आणि कडाक्याच्या थंडीत मधेच पाच-सात मिनिटं गरम हवा बंद होते, तेव्हा तो बाहेरच्या कॉइलवरचा बर्फ वितळवत असतो. आम्ही यासाठी मेकॅनिकला उगाच दोनदा बोलावलं, त्याने दोन्ही वेळा व्हिजिटचे पैसे घेतले.

उन्हाळ्यात २४-२६ आणि वरून पंखा. फिल्टर पंधरा दिवसांनी नळाखाली धरा, ते काम पोरांनाही जमतं. आणि जुना कूलर मात्र भंगारात देऊ नका, मार्च-एप्रिलच्या कोरड्या गरमीत तो दोनेकशे वॅटमध्ये अख्खा हॉल गार करतो, एसी खरा लागतो तो पावसाला सुरुवात झाली की, जेव्हा कूलरने नुसती चिपचिप वाढते.