छाटणीनंतरची ‘पेस्ट’: वेलीच्या डोळ्याला लावा, हाताला नको

नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाच्या छाटणीनंतर काडीला जी ‘पेस्ट’ लावतात ती पेस्ट नसतेच, पाण्यासारखं पातळ द्रावण असतं. औषधाचं नाव हायड्रोजन सायनामाइड. बाजारात मिळतं ते साधारण ५० टक्क्यांचं, तरी विकत घेताना बाटलीवरची टक्केवारी वाचाच. खालची सगळी मापं ५० टक्के धरूनच दिली आहेत.

थंड मुलुखात द्राक्षवेल हिवाळाभर झोपते आणि थंडी पुरेशी मिळून ऊब आली की तिचे डोळे, म्हणजे काडीवरच्या कळ्या, एकदम फुटतात. नाशिकला तेवढी थंडी पडत नाही. ऑक्टोबरला फळछाटणी, म्हणजे घडांसाठीची छाटणी, केली की टोकाचा डोळा आधी फुटतो आणि मागचे तसेच बसून राहतात. सायनामाइड डोळ्यातल्या पेशींना धक्का देऊन ही झोप मोडतं, त्यामुळे फूट एकसारखी येते. फूट मागेपुढे झाली तर डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), थिनिंग (मणी विरळ करणं), फवारणी सगळंच मागेपुढे होतं आणि त्याची जादा मजुरी काढणीपर्यंत भरावी लागते.

लिटरला ३० ते ४० मिली लागतं. काडी जाड असेल, रात्री गार पडत असतील तर ४०. काडी बारीक असेल किंवा दुपारचं ऊन अजून चटकत असेल तर ३०. सटाण्याकडे अर्ली, म्हणजे हंगामाआधीची, छाटणी गरम दिवसांतच होते, तिथे हात आखडताच ठेवा. ४० च्या मापाने पाच लिटर द्रावणासाठी २०० मिली औषध आणि ४ लिटर ८०० मिली पाणी. आधी बादलीत पाणी घ्या आणि मग औषध सोडा, म्हणजे उडालाच तर पातळ शिंतोडा उडेल. आरशासारख्या स्वच्छ द्रावणात कुठला डोळा लावला आणि कुठला राहिला ते कळत नाही, म्हणून लाल रंग टाकतात. तो टाकाच. एकराला किती लागेल हे शेजाऱ्याला विचारण्यापेक्षा एक ओळ लावून बादलीतलं किती उतरलं ते मोजा आणि ओळींच्या संख्येने गुणा.

बादली प्लास्टिकची घ्या. पत्र्याची, तांब्या-पितळेची, जस्ताचा मुलामा दिलेली चालत नाही, कारण हे औषध धातू खातं आणि धातूच्या संगतीत स्वतःही बिघडतं. त्याच बादलीत बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक), आम्ल किंवा चुना मिसळायचा नाही. बोर्डोची फवारणी वेगळी आणि तिचा पंपही वेगळा.

लावायची वेळ छाटणीनंतर ४८ तासांच्या आत. जेवढ्या वेली आज-उद्यात लावून होतील तेवढ्याच छाटा. मजुरांच्या टोळीच्या सोयीसाठी अख्खा प्लॉट छाटून ठेवला की शेवटच्या ओळींचे डोळे फुगायला लागतात, आणि फुगलेल्या डोळ्यावर हे औषध गेलं की तो जळतो. काळा पडून वाळलेला डोळा पुन्हा येत नाही. पावसाची चिन्हं असतील तर थांबा. भर दुपारी द्रावण आत मुरायच्या आधीच वाळतं, म्हणून सकाळ किंवा संध्याकाळ धरा. ज्या डोळ्यांतून घड हवेत तेवढ्यांनाच लावा, बहुतेक बागांत काप दिलेल्या टोकाकडचे दोन-तीन. बुडाकडचे डोळे भिजले की नको त्या ठिकाणी फुटी निघतात आणि विरळणीचा खर्च वाढतो.

कापडाचा बोळा किंवा स्पंज भिजवा, थोडा पिळा आणि डोळ्यावर टेकवून फिरवा. डोळा ओला झाला पाहिजे, काडीवरून थेंब ओघळायला नको. पाठीवरच्या पंपाने काम झपाट्याने होतं हे खरं, पण मांडवाखाली वर तोंड करून फवारलेलं औषध शेवटी माणसाच्याच तोंडावर येतं. बोळाच बरा.

आता मुद्दा हाताचा. वेल मांडवावर असो की वाय (Y) आकाराच्या आधारावर, काम करताना हात डोक्याच्या वर असतो. बोळ्यातलं द्रावण बोटांवरून मनगटावर येतं, मनगटावरून कोपराकडे उतरतं, आणि हातमोजा आखूड असेल तर थेट आत शिरतं. आत शिरलेलं ओलं दिवसभर कातडीला चिकटून राहतं, म्हणजे मोजा न घालण्यापेक्षा वाईट. उपाय साधा आहे: कोपरापर्यंत पोचणारे नायट्राइलचे किंवा जाड रबराचे मोजे घ्या आणि त्यांची वरची कड बाहेरच्या बाजूला दोन बोटं दुमडा. वरून ओघळलेलं त्या दुमडीत अडकतं, अधूनमधून हात खाली करून ते झटकून टाका. दवाखान्यातले पातळ मोजे काडीला लागून फाटतात. स्वतःच्या डोळ्यांना चष्मा, पूर्ण बाह्यांचा सदरा, गळ्याला उपरणं. सायनामाइड कातडी जाळतं, काहींना पुरळ उठतं आणि पुढच्या वेळी थोड्याशानेही उठतं. ते कातडीतून अंगातही उतरतं.

अंगात उतरल्यावर खरा घोटाळा दारूने होतो. दारू पचताना मधल्या टप्प्यावर ॲसिटाल्डिहाइड नावाचा विषारी पदार्थ तयार होतो आणि यकृतातलं एक एन्झाइम तो लगेच मोडून टाकतं. सायनामाइड नेमकं हेच एन्झाइम बंद पाडतं. मग एका ग्लासातच चेहरा लालबुंद होतो, डोकं ठणकतं, छाती धडधडते, उलटी, धाप, रक्तदाब खाली. दारू सोडवण्यासाठी काही देशांत सायनामाइड याच गुणामुळे औषध म्हणून दिलं गेलं आहे. बागेत मात्र ते न विचारता दिलं जातं. म्हणून कामाच्या आदल्या दिवसापासून काम संपल्यावर सात दिवसांपर्यंत दारू नको, आणि लेबलवर जास्त दिवस दिले असतील तर तेवढे पाळा.

पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या टोळीला हे मुकादमामार्फत ‘पिऊ नका’ एवढंच कळवून भागत नाही. तो उपदेश वाटतो आणि कानामागे जातो. काय होतं आणि का होतं ते सकाळी, सगळ्यांसमोर, औषधाची बाटली हातात धरून सांगा. काल रात्री घेतली असेल त्याला न रागावता दुसरं काम द्या. रोज कापला तर उद्या कोणी खरं सांगणार नाही. आणि दारू म्हणजे फक्त बाटलीतली नाही. द्राक्षासवासारखी आसवं-अरिष्टं आणि खोकल्याची काही औषधं यांतही अल्कोहोल असतं.

कातडीवर सांडलं तर कपडे काढून साबण आणि भरपूर पाण्याने १५ मिनिटं धुवा. डोळ्यात गेलं तर पापणी उघडी धरून तेवढाच वेळ वाहतं पाणी, आणि लगेच दवाखाना. पोटात गेलं तर उलटी करवू नका. बाटली किंवा तिचं लेबल सोबत न्या आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की हे सायनामाइड आहे, सायनाइड नाही. नावातल्या साधर्म्याने सायनाइडवरचा उतारा सुरू व्हायला नको. तो इथे लागू पडत नाही. गेल्या २४ तासांत दारू घेतली होती का, हेही लपवू नका.

बाटली गार सावलीत ठेवा, शक्यतो २० अंशांच्या आत. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मेची गरमी सोसलेलं औषध बिघडतं, बिघडताना आणखी तापतं आणि कॅन फुगतो. फुगलेला कॅन उघडू नका. मागच्या हंगामातलं उरलेलं यंदा वापरण्यात बचत नाही, कारण त्याची ताकद किती उरली हे कोणालाच सांगता येत नाही. पाण्यात मिसळलेलं तर त्याच दिवशी संपवा, म्हणून एका वेळी पाच लिटरच करा. रिकामी बाटली तीनदा विसळा, ते पाणी बादलीतच ओता, बाटलीला भोक पाडा. कामाचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नका, आणि मोजे हातातून काढण्याआधी बाहेरून धुऊन घ्या.