सांडपाणी केंद्रावर नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

छोट्या शहराच्या एसटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर, काम सुरू केलं की पंप, व्हॉल्व्ह, ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं यंत्र) यांची ओळख लवकर होते. त्याची फार काळजी करू नका. पाणी खऱ्या अर्थाने साफ करतात ते एरेशन टँकमधले, म्हणजे हवा सोडलेल्या टाकीतले जिवाणू, आणि त्यांचा स्वभाव कळायला मात्र वेळ द्यावा लागतो.

त्यांना हवा लागते. टाकीतला विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे साधारण 2 मिलिग्रॅमच्या आसपास ठेवतात. अमोनिया मोडणारे जिवाणू तर फारच हळू वाढतात, थंडीत आणखी मंदावतात, आणि एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे 4.6 ग्रॅम ऑक्सिजन घेतात. वीज वाचवायला ब्लोअर बंद ठेवला की पहिला फटका त्यांनाच. मग तो अमोनिया तसाच नदीत जातो आणि टाकीत न मिळालेला ऑक्सिजन तिथे ओढून घेतो.

बीओडीची, म्हणजे पाण्यातली घाण मोडताना जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो याची, चाचणी 20 अंशांवर 5 दिवस किंवा 27 अंशांवर 3 दिवस चालते. अहवाल हाती येईपर्यंत ते पाणी नदीतून केव्हाच पुढे गेलेलं असतं. म्हणून मी सगळ्यात जास्त भरवसा ठेवतो तो एक लिटरच्या सिलिंडरवर. टाकीतलं पाणी भरायचं, 30 मिनिटं हलवायचं नाही, आणि शेजारी थांबून बघायचं. गाळ (म्हणजे याच जिवाणूंचे पुंजके) किती बसला, या आकड्याइतकंच तो कसा बसला हेही महत्त्वाचं. 300 मिलिलिटर गाळ आणि 3000 एमएलएसएस (टाकीच्या पाण्यातले तरंगते घन पदार्थ, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) असेल, तर गाळाचा निर्देशांक, म्हणजे एक ग्रॅम गाळाने व्यापलेले मिलिलिटर, 100, म्हणजे उत्तम. तो 150 च्या वर चढू लागला तर मायक्रोस्कोपखाली गाळ नीट बसू न देणारे तंतुमय जिवाणू शोधा. सिलिंडर आणखी तास-दोन तास तसाच ठेवा. बसलेला गाळ बुडबुडे घेऊन वर आला, तर क्लॅरिफायरमध्येही (गाळ खाली बसवण्याच्या टाकीत) नायट्रोजन वायू सुटून तेच होण्याची शक्यता आहे. तिथला गाळ लवकर ओढा.

आता नदी. नमुना फक्त आउटफॉलपाशी, म्हणजे केंद्राचं पाणी नदीत पडतं तिथे, घेऊन परतू नका. ऑक्सिजन सर्वांत कमी होतो तो बहुधा तिथे नाही, प्रवाहाच्या दिशेने बऱ्याच अंतरावर. स्ट्रीटर आणि फेल्प्स या अमेरिकी संशोधकांनी 1925 मध्ये ओहायो नदीच्या अभ्यासातून हे गणितात मांडलं. शक्यतो पहाटे जा, कारण रात्रभर शेवाळही ऑक्सिजन वापरत असतं. पाणी 20 अंशांवर असताना लिटरला जेमतेम 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांवर साडेसात. त्यात उन्हाळ्यात प्रवाह आटलेला, त्यामुळे एरवी खपून जाणारं पाणीही नदीला तेव्हा जड जातं. दगड उलटून बघा: मेफ्लायच्या (स्वच्छ पाण्यात वाढणारा कीटक) अळ्या दिसल्या तर बरं, नुसत्या लाल अळ्या दिसल्या तर वरच्या बाजूला काहीतरी बिघडलंय.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून. हायड्रोजन सल्फाइड हा सांडपाण्यातून सुटणारा विषारी वायू 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास गेला की नाकाला वास येणंच थांबतं. गॅस मीटर, बाहेर माणूस आणि दोर यांच्याशिवाय मॅनहोलमध्ये किंवा पंपाच्या विहिरीत उतरायचं नाही, कुणीही सांगितलं तरी. आत कुणी कोसळलेला दिसला तरीही नाही. वाचवायला उतरलेल्यांचेच असे कितीतरी जीव गेले आहेत.

आमच्या लॉगबुकात नदीसाठी रकाना नव्हता, तो मी आखून घेतला: वेळ, तापमान, ऑक्सिजन, रंग, वास. पुढे जादा ब्लोअरची मागणी केली तेव्हा वरिष्ठांनी सर्वांत आधी तीच पानं मागवली.