गोळी सोडायची घाई, भात सोडायचा कंटाळा: शुगर डाएटवर आणताना या चुका टाळा

२०२३ मध्ये आयसीएमआर-इंडियाबचा अभ्यास आला त्यात मधुमेहात गोवा देशात पहिला, २६.४ टक्के, अख्ख्या देशाचा आकडा ११.४. म्हणजे चवथीला गणपतीवर बांधलेल्या फळापानांच्या माटोळीखाली चार मोठी माणसं बसली की त्यातल्या एकाला आहेच, आणि उरलेले तिघं त्याला सल्ले देतायत. मला स्वतःला ९ वर्षं झाली, दोन गोळ्यांवरून एका गोळीवर आलोय, पूर्ण सुटलेली नाही. खालच्या बऱ्याच चुका मीच केलेल्या आहेत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे क्रम उलटा लावणं. व्हॉट्सॅपवर व्हिडिओ येतो, "गोळी कायमची बंद", आणि माणूस गोळी आजच बंद करतो, डाएट मात्र सोमवारपासून. तो सोमवार काही येत नाही. आहारानं शुगर खरंच उतरते, यात खोटं काही नाही. ब्रिटनमध्ये डायरेक्ट नावाची ट्रायल झाली, २०१७ मध्ये छापून आली, त्यात वर्षभरानं डाएटवाल्या गटातले ४६ टक्के लोक गोळीशिवाय एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारा आकडा, ६.५ च्या खाली होते आणि ज्यांचं १५ किलो किंवा जास्त वजन उतरलं त्यांच्यात तर ८६ टक्के. आता लोक एवढंच वाचतात. पण ती माणसं कोण होती तेही बघा ना, सगळी टाइप २ ची, मधुमेह होऊन ६ वर्षांच्या आतली, इन्सुलिन नसलेली, आणि ३ ते ५ महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरी, तेही सूप आणि शेकवर. गोळ्या पहिल्याच दिवशी बंद केल्या हे खरं, पण नेहमीचं जेवणही त्याच दिवशी बंद झालं आणि लक्ष ठेवायला दवाखान्याची माणसं होती. दुसऱ्या वर्षी तो ४६ चा आकडा ३६ वर आला, म्हणजे टिकवणं हे वेगळंच काम आहे. टाइप १ वाल्यांनी तर इन्सुलिन थांबवायचा विचारसुद्धा करू नये, ते जिवावर बेततं.

दुसरी चूक बरोबर याच्या उलटी, गोळी चालू आणि पोट रिकामं. ही माझी. आषाढी एकादशी, सकाळी सवयीनं ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी घेतली, नाश्ता नाही, फक्त कोरा चहा, आणि देवळात जाऊन चालत फोंडा बसस्टँडवर आलो. बसमध्ये बसल्यावर घाम सुटला, वाटलं उकाडा असेल. कंडक्टर समोर उभा आणि मी २० ची नोट हातात धरून बघतोय, कुठे उतरायचंय तेच तोंडातून येईना. बाजूच्या बाईंनी पिशवीतली प्रसादाची साखर हातावर ओतली, "आधी हे खा, मग बोला." अर्ध्या तासानं घरी येऊन बघितलं तर ८१, ते साखर खाऊन! त्याआधी किती असेल देव जाणे.

तर ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपवास, दोनदाच जेवायचं डाएट, काहीही सुरू करायच्या आधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्या. नुसत्या मेटफॉर्मिनवर शुगर अशी सहसा पडत नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यावाल्यांना वेगळा धोका, लांब उपवासात रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळून तयार होणारी आम्लं, वाढतात आणि मीटरवर शुगर फार जास्त दिसतही नाही, म्हणून उलट्या, पोटदुखी, धाप असं काही झालं तर मीटर बघत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. शुगर ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्यायची, १५ मिनिटांनी परत तपासायचं, अजून कमीच असेल तर परत घ्यायची. त्या वेळी एकादशी मोडली तरी चालते.

आणि साबुदाणा खिचडीला उपवास म्हणणारे, तो निव्वळ स्टार्च आहे हो, त्यात वर केळं आणि शहाळं.

हुर्राक, म्हणजे काजूच्या दारूच्या सीझनमध्ये एक गोष्ट कोणी सांगत नाही. लिम्का सोडून सोड्यात घेतली तरी रिकाम्या पोटी दारू घेतली की लिव्हर तिच्या मागे लागतं आणि रक्तात साखर सोडायचं काम मागे पडतं. वर गोळी घेतलेली असेल तर शुगर रात्री झोपेत पडू शकते आणि घरच्यांना वाटतं जास्त झाली म्हणून झोपलाय.

आता भात. "आम्ही उकडेच खातो", म्हणजे उकडा तांदूळ, हे आम्हा गोंयकारांचं ठरलेलं उत्तर. पॉलिश केलेल्या सुरय तांदळापेक्षा उकडे बरे, मान्य, पण सकाळी पेज, दुपारी डोंगर करून शीत-हुमण, म्हणजे भात आणि माशाची आमटी, आणि रात्री परत तेच, मग उकडे काय करणार? मी एकदा माझं दुपारचं शीत काट्यावर ठेवलं, ४१० ग्रॅम भरलं. शिजलेल्या भातात १०० ग्रॅमला साधारण २८ ग्रॅम कार्ब्स धरा, उकड्यांत पाणी जास्त म्हणून थोडं कमी, तरी शंभरच्या आसपास गेलेच. आता मापाची एक वाटी, आधी भाजी आणि बांगडा, शीत शेवटी. पोई या आमच्या पावावर कोंडा दिसतो म्हणून फसू नका, बऱ्याचदा आत मैदाच असतो.

चालण्याचं म्हणाल तर पहाटे तासभर चालून मग पातळभाजी-पाव हाणणारे मी रोज बघतो. त्यापेक्षा जेवल्यावर १०-१५ मिनिटं चाला, पावसात बाल्कावात, म्हणजे दारापुढच्या पडवीत, नाहीतर घरातल्या घरात. मिरामारला वाळूत अनवाणी चालायचा मोह होतो पण पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर चप्पल काढूच नका, शिंपला लागलेला कळत नाही.

सकाळची फास्टिंगच जास्त येते म्हणून रात्रीचं जेवण तोडणारे पण आहेत. पहाटे लिव्हर स्वतःच साखर सोडतं, त्यामुळे एका आकड्यावरून काही ठरवू नका, जेवणानंतर दोन तासांचे आकडे आठवडाभर वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांसमोर ठेवा, डोस त्यावरून कमी होतो. मोजायच्या आधी हात साबणानं धुवा. मे महिन्यात मला एकदा २४० आली, घाबरून जेवणच सोडणार होतो, बायको म्हणाली हात धुवून परत बघ, तर १४८. मानकुराद आंबा मी खाल्ला नव्हता, फक्त पोरांना कापून दिला होता.