अमेरिकेच्या विवाह-व्हिसाची मुलाखत : जोडप्यांनो, या चुका टाळा

नवरा न्यू जर्सीत, बायको चोपड्याला सासरी आणि मुलाखत मुंबईला, बीकेसीच्या अमेरिकी वकिलातीत. खान्देशातली बहुतेक प्रकरणं अशीच असतात. खिडकीसमोर ती एकटी उभी राहते. नवऱ्याने हजर राहिलंच पाहिजे असं नाही. तयारी मात्र दोघांनी करायची, आणि नेमकं तेच होत नाही.

सगळ्यात घातक चूक म्हणजे पाठांतर. एजंट शंभर प्रश्नोत्तरांचा कागद देतो आणि मुलगी परीक्षेसारखा तो घोकते. अमळनेरच्या एका मुलीचं असंच झालं. लग्नानंतर कुठे राहता, असं विचारल्यावर तिने घोकलेलं सांगितलं, "चोपड्याला, सासरी." अर्जातही तेच होतं. मग अधिकाऱ्याने विचारलं, घरात किती खोल्या, सकाळी सगळ्यांत आधी कोण उठतं? ती अडखळली. खरी गोष्ट अगदी साधी होती. बी.एड.चं कॉलेज अमळनेरला, म्हणून आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आली ती परीक्षा होईपर्यंत तिथेच राहिली. हे सरळ सांगितलं असतं तर कुणालाच वावगं वाटलं नसतं. पण हातात २२१(जी)ची, म्हणजे कागद अपुरे म्हणून व्हिसा रोखल्याची चिठ्ठी पडली, एकत्र संसाराचे आणखी पुरावे मागितले गेले आणि काही महिने त्यातच गेले. असे कागद वाटणाऱ्यांचा राग येतो, कारण खऱ्या लग्नावर त्यांच्यामुळे संशय येतो.

उपाय एकच. एका रविवारी दोघांनी व्हिडिओ कॉलवर बसायचं. समोर आय-१३० (नवऱ्याने बायकोसाठी भरलेला) आणि डीएस-२६० (बायकोचा व्हिसासाठीचा) या दोन्ही अर्जांच्या प्रती ठेवायच्या आणि एकमेकांची उत्तरं मोठ्याने वाचायची. पहिली भेट, साखरपुडा, लग्न, नवऱ्याची प्रत्येक भारतवारी (पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून), कुठल्या महिन्यात कोण कुठे राहत होतं, हे सगळं वहीत उतरवायचं. त्याची ड्युटी किती वाजता सुटते, खोलीत सोबत कोण राहतं, हे तिला माहीत असायलाच हवं. अर्जात चूक सापडली तर मुलाखत सुरू होताच स्वतःहून सांगा. चूक माफ होते. महत्त्वाची बाब जाणूनबुजून खोटी सांगितली असं ठरलं तर कायमची बंदी येऊ शकते. इंग्रजीत अडखळत असाल तर मराठीत बोलायची सोय मागा.

दुसरं दुखणं नावांचं. जन्मदाखल्यावर नुसतं 'मुलगी', शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, लग्नपत्रिकेत सासरी ठेवलेलं नवं नाव आणि पासपोर्टवर चौथंच स्पेलिंग. चौधरी 'सीएचएयू'ने की 'सीएचओयू'ने, हे भाषांतरकार स्वतःच्या मनाने ठरवतो. त्याला पासपोर्टची झेरॉक्स आधीच द्या, आणि भाषांतर अचूक असल्याचं त्याचं सहीचं निवेदन घ्या. जन्मदाखल्यात नाव नसेल तर ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंदवून नवा दाखला काढा. जन्माची नोंदच नसेल तर तसं प्रमाणपत्र आणि सोबत शाळा सोडल्याचा दाखला. वापरलेलं प्रत्येक नाव डीएस-२६०मध्ये 'इतर नावे' या रकान्यात लिहा. मुलाखतीच्या तोंडावर पासपोर्टवरचं नाव मात्र बदलू नका. माहेर-सासरची नावं जोडायला विवाह नोंदणीचा दाखला पुरतो.

पुरावा म्हणून चारशे फोटोंचा अल्बम नेऊ नका. पंधरा न्या, मागे तारीख, गाव आणि माणसांची नावं लिहून. स्टेजवरच्या पोझपेक्षा कानबाईच्या (खान्देशातल्या श्रावणातल्या सणाच्या) रोटाला भाऊबंदांसोबत बसलेल्या दोघांचा एक फोटो जास्त बोलतो, कारण रोट घरच्यांनीच खायचा असतो. सोबत पैसे पाठवल्याच्या नोंदी आणि कॉल-मेसेजची वेगवेगळ्या महिन्यांतली मोजकी पानं ठेवा.

वैद्यकीय तपासणी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरकडेच आणि मुलाखतीआधी करा; लिफाफा हाती दिला तर फोडू नका. पोलीस दाखला पासपोर्ट कार्यालयाचा लागतो, ठाण्यातला चालत नाही. पहिलं लग्न मोडलं असेल तर स्टॅम्प पेपरवरच्या फारकतीने भागत नाही, कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत हवी. आय-८६४साठी, म्हणजे बायकोच्या खर्चाच्या हमीपत्रासाठी, नवऱ्याचं उत्पन्न अमेरिकेतल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांखाली असेल तर इथल्या केळीबागेच्या सातबाऱ्यावर भिस्त ठेवू नका. तिथे राहणारा, नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असा सह-प्रायोजक शोधा. अमेरिकेत पाऊल ठेवताना लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर ग्रीन कार्ड दोनच वर्षांचं मिळतं, आणि ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांना मिळून आय-७५१ हा कार्डावरची अट काढण्याचा अर्ज भरावा लागतो. ती तारीख आजच वहीत लिहा.

रात्रीच्या गाडीने जळगावहून निघून सकाळी थेट रांगेत उभं राहणं, ही घाई कशासाठी? आदल्या दिवशी मुंबईत पोहोचा. मोबाईल आत नेता येत नाही, तो मुक्कामीच ठेवा. आणि २२१(जी)ची चिठ्ठी मिळालीच तर रडत घरी येऊ नका. तिच्यावर काय मागितलंय ते त्याच दिवशी नवऱ्याला वाचून दाखवा. कागद द्यायला एक वर्ष असतं, त्यानंतर अर्जच पुन्हा पहिल्यापासून भरावा लागू शकतो.